झीज आणि जतन : हरिहरेश्वरच्या कातळाचा बोध

मराठी भाषेला अढळपणाचे उदाहरण हवे असले की ती दगडाकडे वळते. न फिरणाऱ्या शब्दाला काळ्या दगडावरची रेघ म्हणतात. देवाची मूर्ती पाषाणाची, मंदिराचे जोते पाषाणाचे, आणि दात्याचे नाव कोरायचे तेही पाषाणावरच. माणूस आज आहे, उद्या नाही. दगड मात्र राहील, ही त्यामागची श्रद्धा. कोकणच्या सागरतीरावरील देवस्थानांचे दर्शन घेणाऱ्या भाविकाला मात्र या श्रद्धेचा पुन्हा विचार करावा लागतो. तेथे समुद्राच्या काठी काळा दगडही झिजलेला दिसतो. कोठे त्याला मधाच्या पोळ्यासारखी छिद्रे पडली आहेत, कोठे त्याच्या पोटात कपारी झाल्या आहेत, तर कोठे उंच कडा मागे हटून त्याच्या पायाशी सपाट कातळ पसरला आहे.

हे दृश्य पाहताना विचारी मनात दोन प्रश्न उभे राहतात. पहिला प्रश्न तत्त्वाचा आहे. ज्याला अढळ मानले तेही झिजत असेल, तर झीज म्हणजे केवळ नाश समजावा काय? दुसरा प्रश्न आचाराचा आहे. सर्वच जर झिजणारे असेल, तर मंदिराचे, मूर्तीचे, किनाऱ्याचे आणि घरातील वृद्ध देहांचे जतन करण्याची खटपट माणसाने का करावी, आणि कोठवर करावी? या दोन्ही प्रश्नांचा विचार करण्यास रायगड जिल्ह्यातील श्रीक्षेत्र हरिहरेश्वर हे अत्यंत योग्य स्थान होय.

क्षेत्र आणि त्याचे नाव

श्रीवर्धन तालुक्यात, महाबळेश्वरी उगम पावणारी सावित्री नदी जेथे सिंधुसागराला मिळते, तेथे हे क्षेत्र वसले आहे. श्रीकालभैरव आणि श्रीहरिहरेश्वर यांचे दर्शन घेऊन भाविक प्रदक्षिणेस निघतात. ही प्रदक्षिणा नेहमीसारखी गाभाऱ्याभोवतीची नसून देवस्थानाच्या पाठीशी असलेल्या डोंगराची आहे. वाट प्रथम डोंगरावर चढते, नंतर दोन कड्यांमधील अरुंद खिंडीतून पायऱ्यांनी थेट समुद्राकडे उतरते, आणि मग कड्याच्या पायाशी पसरलेल्या कातळावरून मंदिराकडे परत येते. भरतीच्या वेळी हा कातळ पाण्याखाली जातो. म्हणून प्रदक्षिणा केव्हा करावयाची हे भाविकाच्या सोयीवर अवलंबून नसते. ते समुद्र ठरवितो.

क्षेत्राच्या नावातच या लेखाचा विषय सामावलेला आहे. हरि म्हणजे सृष्टीचे पालन करणारा आणि हर म्हणजे तिचा लय करणारा. या दोघांची नावे एका देवतेत जोडताना पूर्वजांनी पालन आणि लय ही परस्परांची वैरी कार्ये मानली नाहीत. हे ऐकावयास सोपे वाटते. परंतु घरात मृत्यू येतो, पिढ्यान् पिढ्यांचे मंदिर कोसळते, किंवा समुद्र गावाची जमीन गिळतो, तेव्हा ते पटत नाही. हर आला आणि हरि निघून गेला असेच त्या वेळी वाटते. म्हणूनच तत्त्व बाजूला ठेवून पायाखालच्या कातळाकडे प्रथम पाहणे उचित ठरेल. त्या कातळात झीज नेमकी कशी घडते, हे समजल्यावर नावाचा अर्थही अधिक स्पष्ट होतो.

कातळ कसा झिजतो

हा काळा खडक बेसॉल्ट जातीचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून लाव्हारसाचे लोट एकामागून एक बाहेर आले आणि थंड होऊन त्यांचे थरावर थर साचले. दख्खनचे पठार आणि सह्याद्री त्यांतूनच घडले. तप्त रस थंड होताना आकसला आणि आकसताना त्याला भेगा पडल्या. त्यात कोंडलेल्या वायूचे बुडबुडे पोकळ्यांच्या रूपाने मागे राहिले. म्हणजे ज्या खडकाला अभंग मानले जाते, तो जन्मापासूनच भेगा आणि पोकळ्या घेऊन आलेला आहे.

या भेगांतून आणि सूक्ष्म छिद्रांतून पाणी आत शिरते. सागराच्या १ लिटर पाण्यात साधारणपणे ३५ ग्रॅम क्षार असतात. भरतीचे पाणी आणि लाटांचे तुषार खडकात मुरतात. ओहोटी लागते, ऊन पडते आणि पाणी उडून जाते. क्षार मात्र आतच राहतो आणि त्याचे स्फटिक बनू लागतात. वाढणारा स्फटिक भोवतालच्या कणांना दूर ढकलतो. एका स्फटिकाचे बळ ते किती! परंतु दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी, असे हे कार्य हजारो वर्षे चालू राहिले की खडकाचे कण सुटू लागतात. एकदा खळगा पडला की त्याच्या आत सावली आणि ओलावा अधिक काळ टिकतो, क्षार तेथेच पुन्हा पुन्हा साचतो आणि खळगा खोल होत जातो. हरिहरेश्वरच्या कड्यावर जी जाळीदार नक्षी दिसते, ती या मिठाच्या कणांनी कोरलेली आहे.

याच्या जोडीला इतरही शक्ती कार्य करीत असतात. पावसाचे पाणी खडकातील खनिजांशी संयोग पावून त्यांचे मातीत रूपांतर करते; खडकातील लोह गंजून काळा रंग तांबूस होतो. भेगेत रुजलेल्या झाडाचे मूळ जाड होत भेग रुंदावते. कातळाला चिकटून राहणारे लहान जलचरही आपल्या परीने पृष्ठभाग खरवडतात. खडकाला जागच्या जागी सैल करणाऱ्या या सर्व क्रियांना भूगोलात विदारण असे नाव आहे. त्यानंतर लाटांचे कार्य सुरू होते. पावसाळ्यातील प्रचंड लाट कड्यावर आदळते तेव्हा भेगांतील हवा दाबली जाते. लाट मागे सरताच ती एकदम मोकळी होते आणि सैल झालेला दगड निखळतो. निखळलेले दगड पुढच्या लाटेबरोबर पुन्हा कड्यावर आपटतात, स्वतः गोल होतात आणि कड्यालाही झिजवितात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. दरड आषाढातील वादळात कोसळते आणि दोष त्या दिवशीच्या लाटेला दिला जातो. वास्तविक तो दगड पौष-माघातील शांत, निरभ्र दिवसांतही सैल होत होता. त्या वेळी समुद्र निश्चल दिसत होता, कोणालाही भय वाटत नव्हते, आणि तरीही मीठ आपले काम करीत होते. कुटुंबे आणि संस्था यांच्या बाबतीतही असेच घडते. भावाभावांची फारकत एका भांडणाने झाली असे लोक म्हणतात. परंतु मनात पडलेला लहानसा खळगा, त्यात वर्षानुवर्षे साचत गेलेला कडवटपणा, याची नोंद कोणी ठेवलेली नसते. शेवटची लाट सर्वांना दिसते, आधीचे मीठ कोणालाच दिसत नाही.

कड्याने दिलेले कड्यालाच राखते

लाटांचा मारा कड्याच्या पायथ्याशी सर्वाधिक असतो. पायथा पोखरला जातो, वरचा भाग निराधार होऊन कोसळतो आणि कडा एक पाऊल मागे सरतो. ही क्रिया अखंड चालू राहिल्याने कड्यासमोर भरती-ओहोटीच्या पट्ट्यात एक सपाट, किंचित उतरता कातळ तयार होतो. भूगोलाच्या पुस्तकांत त्याला तरंगघर्षित मंच म्हणतात. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ज्या कातळावरून होते, तो असाच घडलेला आहे. भाविकाचे पाऊल जेथे पडते, तेथे एके काळी डोंगर उभा होता. डोंगराने जागा सोडली नसती तर प्रदक्षिणेची ही वाटच निर्माण झाली नसती.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. हा कातळ जसजसा रुंद होतो, तसतशी लाटांना कड्यापर्यंत पोहोचण्यास अधिक वाट तुडवावी लागते. उथळ पाण्यातून येताना लाट फुटते, कातळावर घासते, तिचे बळ ओसरते आणि कड्याला लागणारा तडाखा सौम्य होतो. समुद्राची पातळी स्थिर असेल तर कड्याचे मागे हटणे त्यामुळे हळूहळू मंदावते. कड्यापासून सुटलेले दगडगोटे आणि वाळू पायथ्याशी साचून राहिली, तर तीही लाटांचे बळ आपल्या अंगावर घेते. याचा अर्थ असा की कड्याने जे गमावले, तेच त्याच्या पायाशी आडवे होऊन त्याचे रक्षण करते. सागर ज्या क्रियेने कड्याला झिजवितो, त्याच क्रियेतून कड्याचे कवचही घडत असते. हर आणि हरि एकाच देवतेत का राहतात, याचे उत्तर या कातळावर प्रत्यक्ष पाहावयास मिळते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे हाती लागते. झीज म्हणजे नाश खराच, कारण गेलेला डोंगर परत येत नाही. परंतु ती केवळ नाश नव्हे. झिजलेले मागे काय ठेवून जाते, यावर तिचे मोल ठरते. गीतेच्या पंधराव्या अध्यायात क्षर आणि अक्षर असा भेद सांगितला आहे. क्षर म्हणजे जे झरते, झिजते ते. तीर्थयात्रेला आलेला माणूस अक्षराच्या ओढीने येतो, हे खरे; परंतु तेथपर्यंत त्याला पोहोचविणारी पायवाट, पायरी, मूर्ती आणि त्याचा स्वतःचा देह हे सर्व क्षरच असते. क्षराचा तिरस्कार करून अक्षराकडे जाता येत नाही.

झिजणे या शब्दाचे दोन अर्थ

मराठीत झिजणे हा शब्द दोन अगदी भिन्न प्रसंगी वापरला जातो. कचेरीचे उंबरे झिजविणे म्हणजे व्यर्थ खेपा घालणे. परंतु एखादी आई मुलांसाठी झिजली, एखादा शिक्षक गावासाठी चंदनासारखा झिजला, असे म्हणताना त्याच शब्दाला आदराचे स्थान मिळते. प्रत्येक मंदिरात सहाण असते आणि तिच्यावर चंदनाचे खोड रोज उगाळले जाते. खोड लहान होते, हे सर्वांना दिसते. सहाणेलाही वर्षांनुवर्षांनी मध्ये खोलगटपणा येतो, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. उगाळणारा आणि उगाळले जाणारे दोन्ही झिजतात, आणि गंध देवाच्या कपाळी लागते.

तथापि येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. कड्याला स्वतःची इच्छा नाही. तो झिजतो, परंतु तो दान करीत नाही. त्याला झिजविले जाते. म्हणून कड्याला पुण्यवान म्हणणे ही केवळ कल्पना होय. माणसाची गोष्ट वेगळी आहे. देह झिजणे त्यालाही चुकत नाही, परंतु तो कशासाठी झिजवावा हे काही अंशी त्याच्या हाती असते. शिवाय माणसाला वेदना होतात. दुसऱ्याला झिजताना पाहून ‘झिजणे हा निसर्गनियमच आहे’ असे सांगणे सोपे असते. घरातील एकच व्यक्ती सर्वांसाठी राबत असेल आणि इतर तिच्या त्यागाची केवळ स्तुती करीत असतील, तर ती स्तुती म्हणजे त्या व्यक्तीवर केलेला अन्यायच होय. झिजण्याचे व्रत स्वतः घ्यावयाचे असते. ते दुसऱ्यावर लादावयाचे नसते. खडकापासून बोध घेताना हा भेद विसरता कामा नये.

मग जतन कशासाठी?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू या. सर्व काही क्षर असेल, तर जतनाचा खटाटोप हा मोहच नव्हे काय? या प्रश्नाला परंपरेने फार सुंदर उत्तर दिले आहे. पुरीच्या श्रीजगन्नाथाच्या काष्ठमूर्ती ठराविक योग आला की बदलल्या जातात. नवकलेवर नावाचा हा सोहळा १९९६ आणि २०१५ या वर्षी झाला. महाराष्ट्रात पार्थिव गणेशाची मूर्ती मातीची घडवितात, तिची प्राणप्रतिष्ठा करतात आणि मग तिचे विसर्जन करतात. मूर्ती जाणार हे ठाऊक असूनही पूजा तन्मयतेने होते. किंबहुना ती जाणार म्हणूनच दीड दिवस किंवा दहा दिवस तिची अधिक काळजी घेतली जाते. नाशिवंत आहे म्हणून दुर्लक्ष करावे, असे परंपरा कोठेही शिकवीत नाही. नाशिवंत आहे म्हणूनच जपावे, असे ती शिकविते.

परंतु जपणे म्हणजे झीज शून्यावर आणणे नव्हे. तसे करू पाहणारा उपाय पुष्कळदा अपायच करतो. जुन्या मंदिरांच्या दगडी भिंतींवर चकाकी यावी म्हणून तैलरंग दिला जातो, किंवा चुन्याच्या जुन्या दर्जा खरवडून त्यांत सिमेंट भरले जाते. दगडातील ओलावा यामुळे कोंडला जातो, क्षार आतल्या आत साचतात आणि काही वर्षांनी रंगाबरोबर दगडाचाही पापुद्रा सुटून येतो. चुना सच्छिद्र आणि तुलनेने मऊ असतो. तो ओलाव्याला बाहेर पडण्यास वाट देतो, वेळ आल्यास स्वतः झिजतो आणि दगडाला वाचवितो. झिजलेला चुना पुन्हा भरता येतो, झिजलेले कोरीव काम पुन्हा मिळत नाही. समुद्रकाठी उंच भिंत बांधण्याचेही असेच आहे. भिंतीवर आपटलेली लाट आपले बळ न गमावता मागे फिरते आणि पायाजवळची वाळू उपसून नेते. भिंत काही ठिकाणी अपरिहार्य असते, हे मान्य केले पाहिजे. परंतु ती विचार न करता बांधल्यास समोरची पुळण नाहीशी होऊ शकते.

योग्य जतनाचे उदाहरण म्हणून तमिळनाडूतील महाबलीपुरमच्या सागरतीरावरील मंदिराकडे पाहता येईल. पल्लव राजा दुसरा नरसिंहवर्मन् याने आठव्या शतकाच्या प्रारंभी हे मंदिर उभारले. ते कठीण ग्रॅनाइटचे असूनही खाऱ्या वाऱ्याने त्यावरील शिल्पांचे नाक-डोळे पुसट झाले आहेत. तेथे लाटांचा जोर कमी करण्यासाठी मोठ्या शिळांचा बांध घातला गेला आणि वाळूमिश्रित खारा वारा अडविण्यासाठी सुरूची झाडे लावली गेली. दगडात मुरलेले क्षार काढण्यासाठी पुरातत्त्व खात्याचे तज्ज्ञ कागदाचा ओला लगदा दगडावर लिंपतात. लगदा वाळताना क्षार शोषून घेतो आणि मग तो काढून टाकला जातो. हे काम एकदा करून संपत नाही. ते पुन्हा पुन्हा करावे लागते. बाहेरून कवच चढविण्यापेक्षा आत साचलेले मीठ धीराने काढून घेणे, हा त्या उपचाराचा आत्मा आहे.

भक्तीने होणारी झीज

सर्वांत अवघड प्रसंग तो, जेथे झिजविणारा हात भक्ताचाच असतो. पंढरपूरच्या श्रीविठ्ठलाच्या चरणांवर माथा टेकविण्याची वारकऱ्यांची आस किती मोठी! परंतु लक्षावधी स्पर्शांनी आणि अभिषेकांनी पाषाण झिजतो, म्हणून पुरातत्त्व खात्याच्या मार्गदर्शनाखाली त्या मूर्तीवर वेळोवेळी लेपन करावे लागले आहे. उज्जैनच्या श्रीमहाकालेश्वराच्या लिंगाची झीज हा विषय तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १ सप्टेंबर २०२० रोजी न्यायालयाने दिलेल्या निर्देशांत भाविकांनी लिंग घासू नये, असे स्पष्ट सांगितले आहे. काही भाविकांना असे निर्बंध भक्तीच्या आड येणारे वाटतात.

त्यांच्या भावनेचा अनादर करण्याचे कारण नाही. स्पर्शाची ओढ खरी असते, आणि फार दुरून आलेल्या माणसाला ‘दूर उभे राहा’ असे सांगणे कठीण असते. परंतु विचार असाही करावा, की आज स्पर्श करणाऱ्याचे हात गणतीत आहेत. पुढील शतकांत येणाऱ्यांचे डोळे अगणित आहेत. एकाने आवरलेला हात हा त्या न जन्मलेल्या भाविकासाठी केलेला नमस्कारच ठरतो. कड्यासमोरील कातळाप्रमाणेच येथेही जे सोडले जाते, तेच राखणारे ठरते. स्पर्शाचा त्याग करणारा भक्त मूर्तीपासून दूर जात नाही. तो तिचे रक्षण करणाऱ्यांत सामील होतो.

याउलट एक झीज अशी आहे, की तिच्या समर्थनार्थ काहीच सांगता येत नाही. किनाऱ्यावरील वाळू आणि दगड उचलून नेणे, कातळावर नावे कोरणे, खळग्यांत प्लास्टिक आणि निर्माल्य कोंबणे, यांतून मागे काहीच उरत नाही. कड्याच्या पायाशी साचलेली वाळू ही त्याच्या लाखो वर्षांच्या झिजेची पुंजी असते. ती नेली तर लाट पुन्हा थेट कड्यावर येते. भारत सरकारने किनारा नियमनाची पहिली अधिसूचना १९९१ साली काढली. पुढे २०११ आणि २०१९ साली तिची नवी रूपे आली. किनाऱ्यावरील वाळू-खडकाच्या खननाला त्यांत अटकाव आहे. परंतु प्रत्येक पुळणीवर पहारा बसविणे कोणत्याही कायद्याला शक्य नाही. तेथे यात्रेकरूची सद्बुद्धीच उपयोगी पडते.

आजच्या काळाची जबाबदारी

कातळ कड्याला राखतो, या विधानाला एक अट जोडलेली आहे, ती म्हणजे समुद्राची पातळी स्थिर असणे. आज ती स्थिर नाही. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली आणि अलीकडच्या दशकांत तिच्या वाढीचा वेग अधिक झाला आहे. वातावरणाची माणसाने घडवून आणलेली तापवृद्धी हे त्याचे प्रमुख कारण होय. पाणी वाढले की कातळ अधिक खोल बुडतो, लाटा कमी अडखळतात आणि कड्यापर्यंत अधिक बळाने पोहोचतात. हजारो वर्षांत मिळविलेले कवच अशा रीतीने काही पिढ्यांतच दुबळे होऊ शकते. ही झीज निसर्गाच्या गतीने चाललेली नाही. तिच्यात माणसाची घाई मिसळलेली आहे. तिला ‘कालाय तस्मै नमः’ म्हणून सोडून देणे म्हणजे स्वतःच्या कर्माचे ओझे काळाच्या माथी मारणे होय.

म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे देता येईल. जी झीज निसर्गाच्या मापाने होते आणि मागे आधार ठेवून जाते, ती नम्रतेने स्वीकारावी. जी झीज प्रेमापोटी पण अविचाराने होते, ती समजुतीने आवरावी. आणि जी झीज लोभाने किंवा घाईने होते, ती थांबविण्यासाठी झटावे. या तिन्हींतील फरक ओळखणे हाच विवेक होय. तो ओळखण्यासाठी एकच साधी कसोटी पुरेशी आहे : या झिजेतून पुढच्यासाठी काय उरणार आहे?

यात्रेकरू आणि दाते यांच्यासाठी

दानाच्या बाबतीतही ही कसोटी लावून पाहण्याजोगी आहे. नवीन सभामंडप, कळस, संगमरवरी फरशी यांसाठी दान सहज मिळते, कारण त्यावर नाव कोरता येते. गळणारे छप्पर वेळेवर शाकारणे, पावसाळ्यापूर्वी पन्हळी मोकळ्या करणे, भिंतीत रुजलेले पिंपळाचे रोप लहान असतानाच काढणे, चुन्याच्या दर्जा भरणे, या कामांना नाव नसते आणि म्हणून दाताही क्वचितच मिळतो. मग वीस वर्षांनी भिंत कोसळते आणि जीर्णोद्धारासाठी मोठी रक्कम उभी करावी लागते. जीर्णोद्धार पुण्यकारक आहेच. परंतु जीर्ण होऊ न देण्यासाठी दरवर्षी दिलेली लहान रक्कम कमी पुण्यकारक नाही. शांत दिवसांत मीठ काढणारा हात कोणाला दिसत नाही, पण वादळात भिंत उभी राहते ती त्याच्यामुळेच. घरातील वृद्धांची सेवा याच जातीची आहे. आजारपणात धावपळ करणारे अनेक असतात. रोज जवळ बसून दोन शब्द बोलणारा दुर्मीळ असतो.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा करणाऱ्या भाविकांनी ती केवळ ओहोटीच्या वेळीच करावी. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे काल सोयीची असलेली वेळ आज सोयीची असेलच असे नाही. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, तर अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. निघण्यापूर्वी मंदिरात अथवा गावातील जाणत्यांकडे वेळ विचारून घ्यावी. पावसाळ्यात आणि समुद्र खवळलेला असताना कातळावर उतरू नये. शेवाळलेल्या दगडावर पाऊल जपून टाकावे, लहान मुलांचा हात सोडू नये आणि सागराकडे पाठ करून उभे राहू नये. प्रदक्षिणा न झाल्यास खिंडीच्या वरूनच हात जोडावेत. देव तेवढाही नमस्कार स्वीकारतो.

कातळावरून चालताना क्षणभर थांबून त्या जाळीदार कड्याकडे अवश्य पाहावे. मिठाच्या कणाने जे कोरले, ते पाहावे. डोंगराने सोडलेली जागा पायाखाली आहे, हे स्मरावे. आणि ओहोटी संपण्यापूर्वी, तेथील एकही दगड न उचलता, पुढे निघावे. मागून येणाऱ्यालाही ती वाट मोकळी मिळाली पाहिजे.